अनवाणी पायाचं माप

आयर्लंडमधल्या आमच्या कारखान्यात शस्त्रक्रियेची हत्यारं बनतात. चिमटे, कात्र्या, सुई पकडायचे होल्डर. मी तिथे डिझाइनमध्ये आहे आणि पुण्यात इंजिनिअरिंग शिकून आलेल्या माणसात असतो तेवढा आगाऊपणा माझ्यातही आहे. मिस्त्री मला तिथेच भेटले. ते केव्हाच निवृत्त झालेले, पण नव्या हत्याराचा पहिला नमुना तयार झाला की त्यांना बोलावणं जायचं. ते चष्मा कपाळावर चढवायचे, चिमटा हातात घेऊन डोळे मिटायचे आणि त्याची उघडझाप करत बसायचे. मग म्हणायचे, "ग्रँड." म्हणजे इथल्या बोलीत झकास. किंवा काहीच म्हणायचे नाहीत. काहीच म्हणाले नाहीत की आम्ही निमूटपणे पुन्हा कामाला लागायचो.

'मिस्त्री' हे माझ्या आईने ठेवलेलं नाव. त्यांचं खरं नाव तिच्या जिभेवर कधी बसलंच नाही.

त्यांचं आयुष्य मी चहाच्या सुट्टीत तुकड्यातुकड्याने ऐकलं. इथल्या स्लायगो गावाबाहेर वडलांच्या शेडमध्ये ते मेंढ्यांच्या कात्र्यांना धार लावायला शिकले. हात चांगला, म्हणून इस्पितळातल्या कात्र्याही येऊ लागल्या. एकदा एक नव्या बाई सर्जन शेडवर आल्या. त्यांचे हात लहान आणि सगळी हत्यारं पुरुषांच्या पंजाला बेतलेली. मिस्त्रींनी त्यांचा हात मऊ मेणात दाबून घेतला आणि त्या मापाचा होल्डर करून दिला. या भागात असं आधी कोणी केलं नव्हतं. इतर डॉक्टर आधी मनसोक्त हसले. मग त्यांच्यातलेच लहान हातांचे दोघं गुपचूप शेडवर येऊन आपापलं माप देऊन गेले.

पुढे ट्रॅक्टरखाली पाय गेलेल्या एका शेजाऱ्याने त्यांना गळ घातली. कृत्रिम पायासाठी डब्लिनला हेलपाटे घालून तो कंटाळला होता. मिस्त्री रीतसर ती विद्या शिकून आले आणि या बाजूला पाय बनवणारे ते पहिलेच ठरले. त्यांची परीक्षा घेण्याची पद्धत मात्र त्यांची स्वतःची. दुखतंय का, असं ते कुणाला विचारत नसत. शेडच्या एका टोकाला किटली, दुसऱ्या टोकाला त्यांची खुर्ची. नवा पाय लावलेल्या माणसाने काठोकाठ भरलेला कप बशीत ठेवून त्यांच्यापर्यंत आणायचा. बशीत चहा सांडला की पाय पुन्हा टेबलावर.

माझ्या आईचा पाय मधुमेहाच्या जखमेपायी गुडघ्याखालून काढावा लागला. ऑपरेशन मिरजेला झालं, जखम भरली आणि मी तिला इकडे घेऊन आले. बाबा गेल्यापासून ती मिरजेच्या फ्लॅटमध्ये एकटीच राहायची. आता तिने कायमचं माझ्याकडेच राहावं असा माझा हट्ट, आणि तिला काहीही करून आपल्या घरी परत जायचं होतं. खूप भांडलो. शेवटी मी अट घातली: कुणाचा आधार न घेता स्वयंपाकघरात वावरून दाखव, मग जा. तिने लगेच कबूल केलं. मला वाटलं होतं, थोडी तरी घासाघीस करेल.

मिस्त्रींनी तिच्यासाठी पाय केला. शेडमध्ये पहिल्या खेपेला बशीत तळं झालं, दुसऱ्या खेपेला चार थेंब. मग ती किटलीपासून खुर्चीपर्यंत अशी आली, जणू त्या शेडची मालकीणच.

घरी आलो आणि सगळं मुसळ केरात. ओट्यापासून टेबलापर्यंत जायचं तर ती भिंत धरायची, माझा खांदा धरायची, फ्रिजला मिठी मारायची.

"मागनं कुणीतरी पदर वडतंय बघ," ती म्हणायची.

"आई, शेडमध्ये तर छान चालतेस."

"तितं कुणी वडत न्हाई."

मी पाय काढून तपासला. स्क्रू आवळले. मग तो पिशवीत घालून तरातरा मिस्त्रींच्या शेडवर गेले आणि कोन चुकलाय म्हणून सांगितलं. त्यांनी मोजून दाखवलं, कोन बरोबर होता. मी म्हटलं, मग जोड ढिला असेल. तोही बरोबर होता. आम्ही अगदी हमरीतुमरीवर आलो.

"ती इथे चालते," ते म्हणाले.

"तिला इथे राहायचं नाहीये!"

"बरं," ते म्हणाले. "रविवारी घरी येतो."

रागारागाने गाडी चालवत परत येताना मला जाणवलं की मनाचा एक कोपरा खूष आहे. पाय चाललाच नाही तर आई इथेच राहणार होती. सकाळी उठल्यावर तिच्या बांगड्यांचा आवाज ऐकायची मला पुन्हा सवय झाली होती.

रविवारी मिस्त्री आले ते बुटांना पॉलिश करून, हातात फडक्यात गुंडाळलेला ब्रेड घेऊन. थेट आत शिरले. आईने आधी त्यांच्या बुटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती नजर काय म्हणते ते कुणालाही कळलं असतं. मिस्त्रींनाही कळलं. दाराशी आमच्या चपलाबुटांचा ढीग होता. त्याच्या शेजारी जिन्याच्या पायरीवर बसून ते वाकून नाड्या सोडू लागले. तेवढ्यात पाहुण्यांसाठी पाणी घेऊन आई भिंत धरत स्वयंपाकघरातून निघाली, अर्थातच अनवाणी.

मिस्त्रींचे हात नाडीवरच थांबले.

"ती घरात बूट घालत नाही?"

"नाही."

"कधीपासून?"

"जन्मापासून," मी म्हटलं, आणि माझी ट्यूब पेटली.

त्यांनी पायाचा कोन आईच्या पायात बूट असताना जुळवला होता. बुटाची टाच बोटभर उंच. बूट काढला की रबरी पावलाची टाच तेवढी खाली जायची आणि सगळा पाय तिला मागे झुकवायचा. तोच तो पदर ओढणारा. शेडची फरशी बर्फासारखी गार, तिथे आजवर कुणी बूट काढला नव्हता. इतक्या वर्षांत त्यांच्याकडे आलेली सगळी माणसं घरातही बुटातच वावरणारी. आणि माझं डिझाइनचं डोकं रोज त्या चपलांच्या ढिगाला वळसा घालून आत येत होतं. मिस्त्री डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मीही हसले. आई आम्हा दोघांकडे वेड्यांकडे बघावं तशी बघत राहिली.

मी चटकन उपाय काढला: घरात घालायला तेवढ्याच टाचेच्या सपाता. आई फणकारली.

"देवापुढं पायताण घालून हुबी ऱ्हाऊ? आणि गॅसपुढं? त्यापरीस बसून ऱ्हाते की."

मी मिस्त्रींना अर्थ सांगितला. मला वाटलं, ते तिची समजूत घालतील. ते म्हणाले, "मग माप पुन्हा घ्यायला हवं. इथेच." आणि मोज्यांवर चालत येऊन आमच्या स्वयंपाकघरात गुडघे टेकून त्यांनी तिचं रबरी पाऊल हातात घेतलं. आई कावरीबावरी झाली. एवढा वयस्कर माणूस आपल्या पायाला हात लावतोय! "मिस्त्री, नगा, नगा," म्हणत तिने हात जोडले आणि ते माप घेईपर्यंत जोडलेलेच ठेवले.

जाताना तिने माझ्यामार्फत आणखी एक मागणी केली. अंगठ्याशेजारी फट हवी, नाहीतर अंगठ्याची चप्पल घालता येत नाही. मिस्त्रींनी असं पाऊल कधी केलं नव्हतं. त्यांनी माझी चप्पल उचलली, तळवा बोटाने दाबून पाहिला. चपटी होती, टाच नव्हती. ती त्यांनी नमुना म्हणून बरोबर नेली, दुसरी मात्र इथेच ठेवली.

पुढच्या खेपेला ते नवा पाय घेऊन आले, फटीसकट. आमच्याच टेबलाशी बसले. आईने ओट्यावर चहा केला, आलं ठेचून घातलेला. कप काठोकाठ भरला आणि निघाली. तिने भिंत धरली नाही. फ्रिजकडे बघितलंसुद्धा नाही. मी दाराशी उभी राहून तो चहा हिंदकळावा म्हणून देवाला साकडं घालत होते आणि हिंदकळू नये म्हणूनही. कप टेबलावर आला. मिस्त्रींनी तो उचलून बशी पाहिली, मग एक घोट घेतला.

"ग्रँड," ते म्हणाले.

आई माझ्याकडे वळली. "आता माजं तिकीट काढ."

मी काढलं. आणि विमानतळावरून परतताना गाडी कडेला लावून खूप रडले.

तिला जाऊन आता बरेच महिने झाले. परवा व्हिडिओ कॉलवर तिने फोन ओट्यावर टेकवून ठेवला आणि समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंना कप भरून नेऊन दिला. परत आली ती कप तिथेच ठेवून, नुसती बशी घेऊन.

"मिस्त्रींना दाव," म्हणाली, आणि कोरडी बशी तिने कॅमेऱ्यासमोर धरली.