दुसरा भाग न्यायला स्वतः या

आमच्या इंदिरानगरातल्या दोनभागेकाकांनी आयुष्यात एकही जाडजूड कादंबरी अखंड ठेवली नाही. पुस्तक हातात आलं की आधी ते तळहातावर तोलून बघायचे, बाजारात कोबी तोलावा तसं. जड वाटलं की संपलं. पुठ्ठा उसवायचा, ब्लेडने शिवण कापायची, मध्यावर एखादं प्रकरण संपत असेल तिथे पुस्तक दुभंगायचं आणि दोन्ही तुकड्यांना नवे खाकी पुठ्ठे चढवायचे. वर जाड पेनाने भाग एक, भाग दोन. त्यांच्या दारावरच्या पाटीवर खरं आडनाव होतं, पण ते पोस्टमनशिवाय कोणाला लागलं असेल असं मला वाटत नाही.

नोकरीभर ते ओझरच्या विमानांच्या कारखान्यात पत्र्यांना रिव्हेट मारत होते. निवृत्तीनंतर पुस्तकांच्या मागे लागले. रद्दीच्या दुकानांतून कादंबऱ्या हुडकून आणायच्या, डागडुजी करायची आणि लोकांना वाचायला द्यायच्या. पण फक्त आजारी लोकांना. एकदा मी धडधाकट असताना त्यांच्याकडे एक कादंबरी मागितली होती, तर म्हणाले, "बाई, तुम्हाला काय झालंय? चालत्या माणसानं वाचनालयात जावं." मी शाळेत शिकवते म्हणून ते मला बाई म्हणायचे. त्या दिवशी मला त्यांचा रागच आला होता.

तीन वर्षांपूर्वी माझं पिशवीचं ऑपरेशन झालं. टाके नीट भरत होते, बाकी मी काही भरून येत नव्हते. नवरा सकाळी सातपूरला कामावर जायचा, मुलगी पुण्याला, आणि मी भिंतीकडे तोंड करून पडलेली. रडू यायचं, कशाचं ते सांगता यायचं नाही. डॉक्टर म्हणायचे, हिंडाफिरायला लागा. मी हो म्हणायचे आणि कूस बदलायचे. आठव्या दिवशी काका कापडी पिशवी घेऊन आले, दाराजवळच्या खुर्चीवर बसले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "टाके ओले हायेत का सुकले?"

"तुम्हाला काय करायचंय?" मी म्हटलं. आजारी माणसाला उद्धटपणाची मुभा असते, ती मी पुरेपूर वापरत होते.

"ओले असले तर विनोदी देता येत नाय. हसलं की ओढ बसते."

त्यांचं पथ्यपाणी असं पक्कं होतं. तापात खूप पात्रांची कादंबरी द्यायची नाही, नावं डोक्यात राहत नाहीत आणि माणूस उगाच घाबरतो. काविळीत लग्नाच्या पंगतींची वर्णनं वर्ज्य. पाय प्लास्टरमध्ये असेल तर प्रवासाची खुशाल द्यावी, पण घोड्यावरची नको. पारितोषिकवाल्या कादंबऱ्यांबद्दल त्यांचं मत होतं, "चांगल्या असतात, पण त्या बरं झाल्यावर. लय रडवतात." आजाऱ्याला काय द्यावं तर जिच्यात पुढे काय होतं याची उत्सुकता लागेल अशी. एवढा एकच निकष. मी बी. ए.ला मराठी साहित्य घेतलं होतं, मला तेव्हा तो फार बाळबोध वाटला.

मला त्यांनी दिली ती जत्रेत तंबू ठोकून सिनेमे दाखवणाऱ्या एका मॅनेजरची गोष्ट. ऐन जत्रेच्या आदल्या दिवशी त्याचा मशीन चालवणारा माणूस नाहीसा होतो. मी कंटाळून पहिलं पान उघडलं आणि दुसऱ्या दिवशी जेवणाचं ताट बाजूला सारून वाचत होते. भाग एक संपला तेव्हा तो नाहीसा झालेला माणूस शेजारच्या गावात, डोक्याला मुंडावळ्या बांधून बोहल्यावर उभा होता. मी ताबडतोब नवऱ्याला दुसरा भाग आणायला पिटाळलं. तो हात हलवत परत आला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, आजारी तुम्ही हाय का? ज्याला पाहिजे त्यानं स्वतः यावं."

दोन दिवस मी धुमसत राहिले. फोनवर मुलीकडे त्यांची तक्रारसुद्धा केली. तिसऱ्या दिवशी गाऊनवर ओढणी घेतली आणि कंपाउंडच्या भिंती धरत निघाले. आमच्यापासून तिसरी इमारत, तळमजला. एरवी मी तेवढ्या वेळात चप्पलही घालत नाही. त्या दिवशी मला ती वाट संपेना. काका दारात खुर्ची टाकून बसले होते, मांडीवर भाग दोन आणि बाजूच्या स्टुलावर पाण्याचा पेला. शाबासकी नाही, काही नाही. म्हणाले, "बसा जरा. परत जायचं हाय अजून."

मग तसाच नेम पडला. पहिला भाग ते आणून द्यायचे, दुसऱ्यासाठी मी जायचे. चार-पाच कादंबऱ्यांत मी भिंत सोडून चालायला लागले, पुढच्या महिन्यात शाळेत रुजू झाले. औषधांनी मी बरी झाले हे खरंच आहे, पण पलंगावरून मला उठवलं ते त्या मुंडावळ्यावाल्याने.

ही रीत त्यांना सापडली होती ती काकूंमुळे. काकू पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा त्या उताण्या पडून वाचायच्या आणि मनगट दुखतं म्हणून पुस्तक टाकून द्यायच्या. काकांनी ते मधोमध कापलं. आणि दुसरा भाग, मुद्दाम असो की विसरून, बाहेरच्या खोलीतल्या कपाटात ठेवला. ते बाजारातून परत आले तर काकू वॉकर धरून कपाटाशी उभ्या. "ती त्यानंतर आठ वर्षं चालली," काका सांगायचे आणि पुढे बराच वेळ पुस्तकाचा पुठ्ठा दाबत बसायचे.

पुढे सुट्टीच्या दिवसांत मी त्यांच्याकडे बांधणी शिकले. मैद्याची खळ, तिच्यात कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. "खळ बोटाला धरली पाहिजे, लोंबली नाय पाहिजे," हे मला त्यांनी इतक्यांदा ऐकवलं की माझ्या वर्गातल्या मुलांचे पाढे त्यापुढे काहीच नाहीत.

गेल्या दिवाळीनंतर त्यांचे पाय सुजायला लागले. मग दम. हृदयाचं पंपिंग कमी झालं होतं. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा त्यांची मुलगी सुनीता मनमाडहून राहायला आली. डॉक्टरांनी झेपेल तेवढं हळूहळू चालायला सांगितलं होतं, पण काका उठेनात. मी भेटायला गेले तर भिंतीकडे तोंड. ती भिंत माझ्या चांगल्या ओळखीची होती.

त्यांच्याकडची सगळी पुस्तकं त्यांना पाठ, म्हणून मी नवी कादंबरी विकत आणली. आधी स्वतः वाचली, पथ्य तपासलं. दोन बहिणींची होती. शेजारी शेजारी दिलेल्या, मधे दोघींची मिळून एक विहीर, आणि वीस वर्षं एकमेकींशी अबोला. जवळजवळ सबंध पुस्तकभर दोघी रोज त्या विहिरीवर पाणी भरतात आणि बोलत नाहीत, आणि तरी वाचताना मजा येते. मी ती कापली, बांधली, भाग एक त्यांच्या हातात दिला. त्यांनी तोलून पाहिला.

"मधोमध नाय कापलं. दहा पानं जास्तीची हायेत इकडं."

"प्रकरण तिथे संपतंय, काका."

"मग ठीक हाय."

आठवड्याने गेले तर उशाला टेकून बसलेले, पुस्तक छातीवर पालथं. मला बघितल्याबरोबर म्हणाले, "बोलल्या का वो त्या?"

मी म्हटलं, "दुसरा भाग माझ्याकडे आहे. न्यायला स्वतः या."

ते दात न लावलेल्या तोंडाने हसले. "बरोबर हाय," म्हणाले, "बरोबर हाय. माझंच शिकवलेलं." मला त्या दिवशी फार अभिमान वाटला होता. लपवून काय उपयोग, वाटला होता.

दुसऱ्या दिवशी सुनीताचा फोन आला, बाबा दारापर्यंत चालले. मी आमच्या दारात खुर्ची मांडली, स्टुलावर पाण्याचा पेला आणि भाग दोन ठेवला. पेल्यातलं पाणी रोज बदलायचे. चौथ्या दिवशी मी दारातून पाहिलं, काका त्यांच्या फाटकाशी आले होते. फाटक धरून आमच्या इमारतीकडे बघत बराच वेळ उभे राहिले आणि सुनीताचा हात धरून मागे फिरले. मी तिकडे जाऊ शकले असते. पुस्तक स्टुलावरच होतं. पण मला वाटलं, आज फाटकापर्यंत आले, म्हणजे उद्या येतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनीताच धावत आली. ती चहा टाकत होती तेवढ्यात काकांनी शर्ट-पँट चढवली होती, वरपर्यंत बटणं लावली होती. दाराजवळच्या खुर्चीवर बसले होते, एका पायात चप्पल. मांडीवर ती कापडी पिशवी, तिच्यात भाग एक, परत करायला घेतलेला. तसेच गेले.

डॉक्टर म्हणाले, पलंगावर असते तरी हे व्हायचंच होतं. ते मला पटतं. पटून काही होत नाही.

काकांची पुस्तकं सुनीताने माझ्याकडे दिली. कॉलनीत कोणी आजारी पडलं की मी पिशवी घेऊन जाते, टाक्यांची चौकशी करते, काविळीचं पथ्य सांभाळते. फक्त दोन्ही भाग एकदम देऊन येते. लोकांना वाटतं, मी काकांपेक्षा मवाळ आहे.

बहिणींचा भाग एक मी कोणाला देत नाही. त्याच्या शेवटच्या पानाखाली काकांनी पेन्सिलीने लिहिलं आहे: "बोलतील. कशावरून, ते जाऊन बघणे."

काका, एके दिवशी थोरली पाणी शेंदत असते. धाकटी विहिरीच्या दुसऱ्या काठावरून म्हणते, "दोर झिजलाय, जपून." एवढंच बोलते ती. तुमच्या पलंगाशी बसून हे सांगायला मला एक मिनिट लागलं असतं.