काशीमायचं ‘दिसते’

डोळ्यांच्या शिबिरात मोतीबिंदू निघतात तसे किस्सेही निघतात. मोतीबिंदू बादलीत जातात, किस्से माझ्या डोक्यात साचून राह्यतात.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी-शेवटी रिठद गावच्या शाळेत, ऑपरेशन झालेल्यांचे चष्म्याचे नंबर काढायचं शिबिर होतं. तवा आमच्याकडं डोळ्यात भिंग बसवत नव्हते. मोतीबिंदू काढला की जाड चष्मा. नंबर काढायचे चष्मेवाले गुलाबमामू. काचा बदलत विचारायचे, “हे बरं का ते?” मी त्यांची पेटी उचलणारा, चौथी नापास.

त्या साली नागपूरच्या डॉक्टरनं मशीन आणलं. हनुवटी टेकवा, काही न विचारता नंबर सांगते! मामूले एका जागी बसवेना.

*

पहिल्याच दिवशी शेजारची पिठाची चक्की सुरू झाली, वीज कमी पडली अन् मशीन बंद पडलं. मामू मोठ्यानं म्हणाले, “आमच्या पेटीले चक्कीचा काई त्रास नाही.”

*

मले तरी कुठं बसवते? मी रांगेतल्या लोकायले तक्त्यावरच्या खुणांची तोंडं पाठ करून दिली: वर, खाली, डावीकडं, उजवीकडं. मामूनं तक्ता उलटा टांगला. सात जणांनी तेच उत्तर दिलं. शिव्या मात्र एकट्या मलेच.

*

काशीमाय गोधड्या शिवून पोट भरायची. तीन सालांपासून तिले सुई ओवता येत नव्हती.

“हे बरं का ते?” मामूनं विचारलं.

“दिसते.”

“अन् हे?”

“हेबी दिसते.”

मामूचा नंबर एक निघाला, मशीनचा दुसराच. चष्मा एकच भेटणार. बाहेर डॉक्टरची जीप हॉर्न देऊन राह्यली.

मी तिच्या नाकावर रिकामी फ्रेम ठेवली. काच नावाले नाही.

“दिसते का, माय?”

“लय चांगलं दिसते.”

मी फ्रेमीतून बोट आरपार काढून दाखवलं. “खोटं काहून बोलतं वं, माय?”

“डॉक्टर एवढ्या दुरून आले, बापा. त्यायले नाही कसं म्हनू?”

*

मग डॉक्टरनं कोणाले तिले विचारूच दिलं नाही. गुपचूप मामूच्या नंबराची फ्रेम लावली.

“दिसते,” काशीमाय आपणहून म्हणाली.

मशीनच्या नंबराची लावली. काशीमाय गप्प. मामूच्या तोंडावर हसू आलं.

तिनं फ्रेम नाकाच्या शेंड्यावर ओढली अन् डॉक्टरचा कोट धरला. “बटन लोंबून राह्यलं. सुई-दोरा आना कोनी.”

आणला. एका दमात ओवला. मामूनं आपली फ्रेम पेटीत ठेवून दिली.

डॉक्टर वाकून म्हणाला, “आता दिसते ना, माय?”

“हालू नका, बापा. सुई लागन.”