मेंढीशी बोलायला मनाई नव्हती

पोलीस ॲक्शन होऊन वर्ष-दोन वर्षं झाली होती. हैद्राबादेहून वकिली शिकून मी आमच्या तालुक्याच्या गावी बसलो होतो. बसलो होतो हेच खरं, कारण अशील फारसं कुणी येत नसे. अशात एका बाजारच्या दिवशी वालूरकडची एक बाई मेंढीला दोरी लावून माझ्या ओसरीवर चढली.

तिचा नवरा मेंढरं राखणारा. कुणाच्या तरी शेतात मेंढरं घुसली, मारामारी झाली आणि त्याला धरला. खटला उभा राहायचा होता, पण तीन महिने तो तुरुंगातल्या मागच्या खोलीत एकटाच होता. बाकीच्या कैद्यांना बायकापोरं भेटत, हिला मनाई. भाकरी देणाऱ्या शिपायालाही त्याच्याशी बोलायची बंदी. मग ही भिंतीमागून ओरडून घरची खबर सांगू लागली. शिपायांनी तेही बंद केलं. म्हणून पुढच्या बाजारी तिने मेंढी आणली आणि भिंतीपाशी उभी राहून, मोठ्यानं, मेंढीलाच सांगितलं, "ऐकतीस का गं, थोरलीला पाव्हणे बघून गेले. पोरगं बरं हाय, पर कान लय मोठे हायत."

भिंतीआडून आवाज आला, "मेंढे, कानाचं काय घिऊन बसलीस? शेत किती हाय ते इचार."

यावरून पोलिसांनी बाईवरच तक्रार गुदरली होती.

मला हसू आवरेना. ती शांतपणे म्हणाली, "हसा तुमी. पर तीन महिने झाले, धन्याशी कुणी बोललं न्हाई. आवाज बदलायलाय त्यांचा."

मग मी हसायचं थांबवलं.

तुरुंगाचे अधिकारी वऱ्हाडातून नुकतेच बदलून आलेले, सज्जन आणि भित्रे. कैदी खतरनाक आहे, रजिस्टरात तसा शेरा आहे, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. तुम्ही वाचला का, असं मी विचारलं. रजिस्टर उर्दूत होतं आणि त्यांना उर्दू येत नव्हती. जमादारानं वाचून दाखवलं होतं. मला येते म्हटल्यावर ते रजिस्टरावर हात ठेवून म्हणाले की कागद गोपनीय आहे.

दोन अर्ज केल्यावर कैद्याची भेट मिळाली. कुणी आडदांड माणूस असेल असं मी धरून चाललो होतो. गजांपाशी आला तो माझ्या खांद्याइतका, हडकुळा. खटल्याचं त्यानं काहीच विचारलं नाही. "वकीलसायब, कायबी बोला," म्हणाला. "पाऊसपान्याचं बोला." कोर्टात तासभर भांडायची मला हौस, पण पाऊसपाणी दोन वाक्यांत संपलं. शेवटी मानवतच्या बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग कुठवर गेली होती ते सांगितलं. तो डोळे मिटून ऐकत होता.

मुन्सफांपुढे मी अर्ज लावला: गुन्हा शाबीत नाही, कारण सांगितलेलं नाही, मग माणसाला माणसापासून तोडायचा हक्क कुणाला? पोलिसांनी मेंढीचं प्रकरण काढलं. मेंढीशी बोलायला मनाई करणारा नियम दाखवा, असं मी म्हणालो. तो काही त्यांना सापडला नाही. तेव्हा मुन्सफांनी रजिस्टर मागवलं. ते निजामाच्या काळापासूनचे, उर्दूत मुरलेले. त्यांनी शेरा दोनदा वाचला आणि जमादाराला जवळ बोलावून अक्षरं लावायला सांगितली.

शब्द 'खतरनाक' नव्हता, 'खारिश' होता. खरूज! आधीच्या अधिकाऱ्यांनी ती बरी होईपर्यंत त्याला वेगळं ठेवलं आणि त्यांची बदली झाली. जमादारानं पहिलं अक्षर पाहून पुढचं मनानं भरलं होतं.

कोर्टात आणलेल्या कैद्यानं स्वच्छ हात पुढे केले. "पयल्याच महिन्यात गेली, सायब. पर सांगावं कुणाला? बोलायचीच बंदी व्हती."

मुन्सफांनी त्याला त्याच दिवशी इतरांत हलवायला, बायकोला भेटू द्यायला सांगितलं. बाईवरची तक्रारही निकालात निघाली. पुढे मारामारीच्या खटल्यातून तो सुटला. माझ्याकडे येऊन दुपारभर बोलत बसला. मी एकदाही मधे तोंड घातलं नाही. उठताना म्हणाला, "मी खतरनाक हाय हे आधी कळलं असतं, तर मिशा तरी पिळल्या असत्या."

हुकुमात आणखी एक ओळ होती: यापुढे कुणाला एकटं ठेवायचं तर त्याचं कारण त्याला समजेल अशा भाषेत वाचून दाखवावं. वऱ्हाडचे साहेब त्या ओळीला इतके भ्याले, की नव्या येणाऱ्या प्रत्येक कैद्याला उभं करून ते, त्याला एकटं का ठेवलेलं नाही, याचं कारण वाचून दाखवू लागले.