थाळीवरची कथा

पाड्यावर दुपारी म्हातारे जानूबाबा कथा सांगत होते. काशाच्या थाळीत मेणाने उभी चिकटवलेली काडी, तिच्यावरून बोटं ओढली की घुमणारा सूर, आणि एकटे बाबा. राणीही तेच, वाघही तेच. चार पुस्तकं लिहिलेला मी मागे बसून जळत होतो.

मध्येच बाबा राणीचं नाव विसरले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! पण भाजी निवडणाऱ्या चार बायकांनी एकदमच ते सांगितलं.

बाबा हसले. “तुम्हाला सगळं ठाऊक, मग मला कशाला बसवलंत?”

“तुझ्या तोंडून ऐकायचंय, बाबा,” एक म्हणाली.

गेल्या महिन्यात वाचनालयात माझी कथा वाचताना माझ्याकडून दोन पानं एकदम उलटली गेली होती. टाळ्या वेळेवर पडल्या.