तारीख नसलेली यादी

पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम मी ईट या गावाहून करते. राहते थोरल्या बहिणीकडं. आक्काच्या घराला लागूनच दाजींचं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. माझ्या मीटिंगमध्ये मागून ग्राइंडरचा आवाज आला की पुण्यातली माणसं आता दाजींची खुशाली विचारतात.

सात-आठ वर्षं मी प्रोजेक्ट सांभाळले. कुणी, काय, कोणत्या तारखेपर्यंत करायचं ते एका सॉफ्टवेअरमध्ये मांडायचं आणि लोकांच्या मागं लागायचं. मग मला प्रॉडक्टच्या टीममध्ये घेतलं आणि दुसरंच सॉफ्टवेअर हातात आलं. दोन्हीत चौकोनी कार्डं, दोन्हीत रंगीत पट्ट्या. साहेबांनी सांगितलं, नव्यानं आलेल्यांना पंधरा मिनिटांत समजावून सांगा, आपल्याला ही दोन्ही का लागतात. मी हो म्हणाले खरी, पण ते मलाच नीट कळलं नव्हतं.

त्याच दिवसांत दाजींनी टोकण यंत्रं करायला घेतली. ढकलत नेलं की चाकाच्या चोची मातीत घुसतात आणि डब्यातलं एकेक बी सोडत जातात, असं ते साधं यंत्र. सोयाबीन निघून हरभरा पेरायच्या आत बारा यंत्रं व्हायला हवी होती. दाजींच्या हातात कसब भरपूर, पण एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याला लागायची सवय. मी हौसेनं वर्कशॉपच्या पत्र्यावर खडूनं तीन रकाने आखले: करायचं, चालू, झालं. प्रत्येक कामापुढं माणूस आणि तारीख. पहिल्या दिवशी दाजी हसले. आठवड्याभरानं तेच सकाळी चहाची कपबशी घेऊन त्या पत्र्यापुढं उभे राहायला लागले. बारा यंत्रं ठरल्या तारखेच्या दोन दिवस आधी झाली आणि दाजींनी गल्लीत पेढे वाटले.

टोकण करतात बायका, म्हणून यंत्रं आधी त्यांनाच वापरून बघायला दिली. चार-पाच दिवसांत एकेक करत सगळी परत आली. तक्रार कुणीच केली नाही. यंत्र चांगलं आहे म्हणायच्या, शेडमध्ये टेकवायच्या आणि निघून जायच्या.

दाजींचं जेवणात लक्ष लागेना. चुकलं कुठं, ते मलाही सांगता येत नव्हतं, कारण पत्र्यावर सगळी कामं शेवटच्या रकान्यात होती. आक्कानं तोवर एक यंत्र रानात नेऊन दोन सऱ्या चालवून बघितलं होतं.

"यंत्राला नाव ठिवायला जागा न्हाय," ती ताट वाढता वाढता दाजींना म्हणाली. "पर दांडा तुमच्या उंचीचा हाय. ढकलणार कोण, ते तुमी कुटं इचारलं?"

दुसऱ्या दिवशी आक्का आणि मी वही घेऊन घरोघर फिरलो. आक्का बरोबर होती म्हणून बायका मोकळ्या बोलल्या. दांड्यानं दुपारपर्यंत खांदे भरून येतात, हे जवळजवळ सगळ्यांनी सांगितलं. डबा पत्र्याचा, त्यामुळं बी संपलं तरी कळत नाही, दर दहा पावलांवर झाकण उघडावं लागतं. बांधावरून एकटीला उचलत नाही. मी लिहीत गेले: कोण म्हणालं, कशाचा त्रास, तोच त्रास किती जणींना. दाजींना यंत्राला मोटर बसवायची फार हौस होती. वहीत शेवटी मी तीही लिहिली, पण मोटर एकीनंही मागितली नव्हती.

दाजींनी वही उलटसुलट करून बघितली.

"ह्यात तारीख कुटं हाय?"

"ह्या यादीला तारीख नसते, दाजी. काय करायचं आणि कुणासाठी, ते ह्यात ठरवायचं. ठरलं की पत्र्यावर न्यायचं, तिथं तारीख."

बोलून गेले आणि मीच थांबले. नव्या लोकांना दोन सॉफ्टवेअरबद्दल पंधरा मिनिटांत सांगायचं ते मी दाजींना एका दमात सांगून टाकलं होतं.

दाजींनी मोटरीवर स्वतःच काट मारली. दांडा खालीवर करता येईल असा आणि डब्याला पारदर्शक पट्टी, एवढी दोनच कामं पत्र्यावर गेली. बांधावरून उचलायचं वहीतच थांबलं, त्याला पुढचा हंगाम. मीटिंगमध्ये मी पत्र्याचा आणि वहीचा असे दोन फोटो दाखवले. दहा मिनिटांतच उरकलं. उरलेला वेळ सगळे टोकण यंत्राबद्दलच विचारत होते.

दुरुस्त यंत्रं पुन्हा वाटली. ह्या वेळी एकही परत आलं नाही, उलट सोनारी गावाहून यंत्र दाखवायला बोलावणं आलं. आम्ही तिघं गेलो, काळभैरवाचं दर्शन घेतलं आणि तिथल्या एका शेतात पोचलो. दहा-बारा जणी जमल्या होत्या. दाजी माहिती सांगायला पुढं झाले, पण त्यांना कुणी बोलूच देईना. आक्कानं पदर खोचला, दांडा कमरेला येईल असा बसवला आणि एक अख्खी सरी न थांबता चालवली. मग एकेकीनं हातात घेतलं. दोघींची पुढं कोण जातं म्हणून शर्यत लागली, आणि बांधावर बसलेल्या म्हातारीनं, मलाबी द्या की, असा हट्ट धरला. दाजी आक्काच्या चपला हातात धरून बांधावर उभे होते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, ती माझी मंडळी.