नसरीनने कापलेलं डाळिंब

सकाळी साडेदहाला नसरीनच्या धाकट्या भावाचा, इरफानचा फोन आला. "वैशालीताई... नसरीन गेली." मी म्हटलं, "कुठे गेली? अकराला मीटिंग आहे आमची." त्याच्या मागे कुणीतरी बाई रडत होती आणि तरीही, खरं सांगते, मी घड्याळाकडेच बघत होते. सहा आठवडे झाले. आपण असं कसं विचारलं, हे मला अजून उमगलेलं नाही. चौतिसाव्या वर्षी, घरी चहा गाळता गाळता ती खाली बसली आणि उठलीच नाही. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, असं डॉक्टर म्हणाले. आदल्या संध्याकाळी कर्वेनगरच्या आमच्या ऑफिसातून निघताना "उद्या वेळेवर ये, दारात ओवाळायला कोणी थांबणार नाहीये" असं मला ऐकवून गेली होती. डोकं दुखतंय, एवढंसुद्धा म्हणाली नव्हती.

इंजिनिअरिंगला आम्ही एका बाकावर बसायचो. मी यवतमाळहून आलेली, होस्टेलवर राहणारी. ती पिढ्यान्‌पिढ्या पुण्याची, वडिलांचा मार्केट यार्डात डाळिंबांचा गाळा. शेतकरी माल पाठवतो, त्याची प्रत इथे दुसराच कोणी ठरवतो आणि भाव कमी आला तर का आला हे त्याला कळतच नाही, हे तिने लहानपणापासून पाहिलेलं. नोकऱ्या सोडून आम्ही दोघींनी जे ॲप तयार केलं ते एवढ्यासाठीच. फोनसमोर फळ धरायचं, फोन त्याची प्रत सांगणार. दोन वर्षं आम्ही स्वतःच्या साठवणीवर काढली. आठ माणसं कामाला होती आणि बाहेरून गुंतवणूक आली नाही तर त्यांना घरी पाठवावं लागणार होतं.

अशा वेळी एका गुंतवणूकदार संस्थेने आम्हाला बोलावलं. मी आठवडाभर खपून सादरीकरण तयार केलं होतं. नसरीनने पिशवीतून एक डाळिंब काढलं, फोनसमोर धरलं. पडद्यावर 'उत्तम' असं आलं. समोरचे तिघं खूश. मग तिने सुरी काढून ते त्यांच्यासमोरच कापलं... आत सगळे दाणे काळे! ती शांतपणे म्हणाली, "हे आमच्या ॲपला अजून कळत नाही. माझ्या अब्बांना टिचकी मारून, आवाजावरून कळतं. ते मशिनला शिकवायचंय, म्हणून आलोय." त्यांच्यातले एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, तुम्हाला पैसे हवेत ना नक्की?" "हवेत की. पण पुढच्या वर्षी तुमच्या शिव्या खाण्यापेक्षा आज खाल्लेल्या बऱ्या."

नकार दुसऱ्याच दिवशी आला. खाली पार्किंगमध्ये मी तिच्यावर ओरडले, आठ जणांच्या घरांशी खेळलीस म्हणाले. ती एवढंच म्हणाली, "लपवलं असतं तर खेळले असते." त्यानंतर अकरा दिवस आम्ही कामापुरतं बोललो. दोन जण सोडून गेले. आम्ही दोघींनी पगार घेणं बंद केलं. चार महिन्यांनी त्या तिघांतल्याच एका बाईंचा फोन आला. त्या दिवशी त्या एक शब्दही बोलल्या नव्हत्या. "तुमच्यानंतर आलेल्या सगळ्यांचं सगळं उत्तम चालत होतं," त्या म्हणाल्या, "म्हणून तुम्हीच लक्षात राहिलात. आवाजाचं काम कुठवर आलं?" फोन स्पीकरवर होता. नसरीनने माझ्याकडे बघितलं, पण टोमणा काही मारला नाही. तो तिने मारायला हवा होता, असं आता वाटतं.

मग त्यांचे पैसे आले आणि वर्षभरात, आम्ही दोघी धरून, आठाचे तीस झालो. टिचक्यांचे आवाज गोळा करायला तिने यार्डातल्या जुन्या पारखी माणसांना रीतसर पगारावर घेतलं. ती गेली त्या सकाळी मी ज्या मीटिंगची वाट बघत होते ती त्याच्याच पहिल्या चाचणीची होती. चाचणी महिनाभराने झाली. आतून काळी पडलेली बरीचशी फळं मशिनने ओळखली. मी चटकन वळले, तिला सांगायला...

परवा तिच्या वडिलांच्या गाळ्यावर गेले होते. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ॲपमध्ये बोलून सूचना दिल्या जातात. सुरुवातीला कलाकार परवडत नव्हता, म्हणून त्या नसरीननेच रेकॉर्ड केल्या. ती बाई खेकसते, अशा तक्रारी यायच्या. चांगला आवाज घेऊ, असं आम्ही दर महिन्याला ठरवायचो आणि राहून जायचं. मी पोचले तेव्हा अब्बा पाठमोरे होते. त्यांनी एक डाळिंब फोनसमोर धरलं आणि मुद्दाम दुसऱ्या हाताने त्यावर सावली केली. फोन बोलला, "दिसत नाहीये. उजेडात धरा." अब्बांनी सावली तशीच ठेवली. "अहो, उजेडात धरा म्हटलं ना!"

त्यांनी हात हलवला नाही. मीही मागेच उभी राहिले.