दीवला आईबरोबर पाहिलेली म्युझियमं

दीवला जायचं ठरलं तेव्हा बडोद्यातल्या पाणीगेटच्या आमच्या शेजाऱ्यांनी बाबांकडे जरा वेगळ्याच नजरेनं पाहिलं होतं. दारूबंदीच्या गुजरातमधली माणसं दीवला कशाला जातात हे सगळ्यांना माहीत… आणि माझे बाबा तर सुपारीसुद्धा न खाणारे.

आम्ही आईच्या हवापालटासाठी चाललो होतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं, मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. आईचं अल्सरचं ऑपरेशन होऊन दीडेक महिना झाला होता… म्हणजे आईला तसं सांगितलं होतं.

खरं असं होतं की डॉक्टरांनी पोट उघडलं, आत पाहिलं आणि तसंच परत शिवलं. कॅन्सर सगळीकडे पसरला होता. बाहेर येऊन ते बाबांना एवढंच म्हणाले, "आता त्यांना जे आवडेल ते करा."

त्याच संध्याकाळी हॉस्पिटलच्या जिन्यात बाबांनी माझा हात घट्ट धरला. "मिनू, आईला यातलं काही कळता कामा नये. अल्सर होता, काढला… बास." मी मान हलवली. मी एकुलती एक, दुसरं बोलायला होतं तरी कोण?

घरी आल्यावर बाबांनी आईला विचारलं, कुठे जाऊ या? ती म्हणाली, समुद्रावर. बाबांनी गोरव्याच्या कंपनीत कधी न मागितलेली रजा मागितली आणि एक ट्रॅक्स गाडी ठरवली.

पण दीवला पोचल्यावर बाबा घाबरले. तिला ऊन लागेल, वाळूत पाय मुरगळेल, टाक्यांना खारं पाणी लागेल… म्हणून पहिल्या दिवशी आम्ही जुन्या चर्चमधलं म्युझियम पाहिलं. दुसऱ्या दिवशी शंख-शिंपल्यांचं. आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा चर्चचंच, कारण तिथे गारवा होता आणि बसायला बाक होता.

आई सगळ्याला "बरं" म्हणायची. बाबा तिला प्रत्येक वस्तूपुढे उभी करून फोटो काढत होते. "हस ना जरा," म्हणायचे, आणि ती हसायची. ब्लाउज ढगळ झालेला दिसू नये म्हणून खांद्यावरून पदर ओढून घ्यायची, आणि हसायची.

तिसऱ्या दिवशी बाबा आम्हाला बाकावर बसवून "ऑफिसला फोन करून येतो" म्हणत एसटीडी बूथ शोधायला गेले. समोर लाकडी संतांच्या मूर्ती ओळीने उभ्या होत्या. रंग उडालेल्या, काहींचे हात तुटलेले. आत आमच्याशिवाय कोणी नव्हतं.

"डॉक्टरांना फोन लावायला गेलेत ना?" आई म्हणाली.

"नाही गं, ऑफिसला."

"रविवारी?"

ती मूर्तींकडेच पाहत होती. मग म्हणाली, "मिनू, मला माहितीये सगळं."

कोणी सांगितलं, एवढंच मी कसंबसं विचारलं.

"कोणी नाही. मी शुद्धीवर येत होते, तेव्हा दोन नर्स सलाइन बदलत होत्या. आपण मराठी बोलतो ना, त्यांना वाटलं बेनला गुजराती समजत नसेल. एक दुसरीला म्हणाली, 'खोलीने बंध करी दीधुं.' उघडून बंद केलं म्हणे… अगं, सगळा जन्म बडोद्यात गेला माझा. मला गुजराती येणार नाही?"

हे सांगताना ती चक्क थोडी हसली. मी मात्र रडायला लागले. तिने मला थांबवलं नाही.

"रडून घे," म्हणाली. "पण ते यायच्या आत तोंड पूस. मला कळलंय हे त्यांना कळू देऊ नकोस. माझ्यापासून लपवायचंय, म्हणून तर उभे आहेत ते… नाहीतर कोसळतील."

जरा वेळाने म्हणाली, "आणि मला पाण्यात पाय घालायचेत. हे पुतळे पुरे झाले आता."

बाबा आले. चेहरा पांढराफटक, पण आवाज हसरा. "ऑफिसात सगळं ठीक आहे," म्हणाले. मी म्हटलं, आता समुद्रावर जायचं. त्यांनी ऊन, वाळू, टाके सगळं पुन्हा सांगायला घेतलं… आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवला. "टाके भरलेत, बाबा. तिला जायचंय." त्यांनी खाली वाकून आईच्या चपला सरळ करून दिल्या.

एका बाजूने बाबा, एका बाजूने मी. पाणी घोट्यांवर आलं तेव्हा आईने माझा दंड इतका आवळला की दुखलं. बाबा "बास आता, बास" म्हणत होते आणि ती म्हणत होती, "थांबा हो जरा…"

आई दिवाळीच्या आधी गेली, घरीच. सुखाने नाही गेली. बाबा घरात असले की आम्ही दोघी पुढच्या वर्षीच्या केरळच्या बेताबद्दल बोलायचो. ते कंपनीत गेले की ती डोळे मिटून म्हणायची, "फार दुखतंय गं…" पुष्कळदा तेवढंच.

बाबा पुढे खूप वर्षं जगले. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "एक बरं झालं, तिला शेवटपर्यंत काही कळलं नाही." आणि माझ्याकडे पाहायचे. मी दर वेळी "हो" म्हणायचे. गेल्या वर्षी तेही गेले, म्हणून आज हे लिहिता येतंय.

आईने माझ्या एकटीवर एवढं टाकायला नको होतं, असं मधली काही वर्षं वाटायचं. आता नाही वाटत. दुखतंय हे जिच्यापाशी म्हणता येईल असं घरात एक माणूस हवं होतं तिला… आणि त्यासाठी तिने मला निवडलं.